आजाऱ्याच्या समाचाराला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चर्चची मंडळी साठेक कुटुंबांची. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) तीन गावं, त्यामुळे कुणी आजारी पडलं की ते दर वेळी पोहोचू शकत नाहीत. म्हणून सहा जणांचा भेटी देणारा गट केला. उत्साहानं सुरुवात झाली, आणि महिन्याभरात एका घरून निरोप आला, "प्रार्थनेला माणसं पाठवू नका." चुकलं कुठे, आणि जायचं तर कसं जायचं?

त्या घरात नेमकं काय झालं ते घरच्यांनाच विचारावं लागेल. पण असे निरोप येतात तेव्हा कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: माणसं जास्त गेली, वेळ जास्त झाला, किंवा बोलणं जास्त झालं. पुष्कळदा तिन्ही. सहा जणांचा गट म्हणजे सहा जणांनी एकदम जायचं असं नाही. दोघांनी जायचं, पंधरा मिनिटांत उठायचं आणि पुन्हा जायचं. यातलं 'पुन्हा जायचं' हे सगळ्यात जास्त राहून जातं.

आपण सगळे बायबलमधल्या याकोब ५:१४ चा आधार देतो. त्यातलं क्रियापद मात्र नजरेतून सुटतं. दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या पुढाऱ्यांना, 'बोलवावं' असं तिथं आहे. निमंत्रण आजाऱ्याकडून येतं. तेव्हा निघण्याआधी फोन करायचा, आणि तो "आम्ही येतोय" असा नाही, तर "आज संध्याकाळी दोघं पाच मिनिटं येऊ का, की उद्या बरं पडेल?" असा. 'आज नको' म्हणायची सोय ठेवली की माणूस मोकळेपणानं 'या' म्हणतो. फोन शक्यतो पेशंटजवळ राहणाऱ्याला करावा. पेशंटची झोप, ड्रेसिंगची वेळ, डॉक्टरांचा राऊंड हे त्यालाच माहीत असतं.

मत्तय २५:३६ मध्ये 'समाचाराला येणं' असा शब्द आहे. आजच्या मराठीत 'समाचार घेणं' म्हणजे खरडपट्टी काढणं असाही अर्थ होतो, आणि काही भेटी त्या दुसऱ्या अर्थाच्याच होतात. "शुगर एवढी वाढेपर्यंत काय करत होतात? उपासनेलाही दोन महिने दिसला नाहीत." हे आजाऱ्याच्या उशाशी बोलायचं नाही.

जोडी ठरवताना स्त्री पेशंट असेल तर दोघांत एक बाई असलीच पाहिजे. जुन्या मिशनच्या काळात बायबल वुमन, म्हणजे मिशनच्या कामातल्या बाया, घरोघर जात, त्यामागे हाच व्यवहार होता. दोघांतला एक जण त्या घराला ओळखणारा असावा. कोण बोलणार, कोण वाचणार, हे दाराबाहेरच ठरवावं. आत जाऊन "तुम्ही करा प्रार्थना", "नाही नाही, तुम्हीच करा" हा मानापमान आजाऱ्याला पाहायला लावू नये.

दवाखान्याचं भराभर सांगतो. भेटीची वेळ पाळा. 'पाळकसाहेबांनी पाठवलंय' म्हणून वॉचमनशी हुज्जत घालू नका. फोन बंद. अत्तर, डोक्याला वासाचं तेल नको. केमोथेरपी चालू असलेल्याला तेवढ्यानंही मळमळतं. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. साबणानं चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझर असेल तर वीस ते तीस. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी फोनवरच बोला. पलंगावर बसू नका. टाके पडलेल्या माणसाला गादी हलली तरी कळ येते. खुर्ची ओढून त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. उभं राहून बोललं की त्याला मान वर करावी लागते आणि 'हे आता निघणार' असं वाटत राहतं. गंमत अशी की बसून केलेली भेट त्याला उभं राहून केलेल्या तेवढ्याच भेटीपेक्षा मोठी वाटते.

हातात काय न्यावं? इथं चांगल्या मनानं मोठ्या चुका होतात. आपल्याकडे आजारी म्हटलं की शहाळं आणि केळी. मूत्रपिंडाच्या रुग्णाला, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याला, हे दोन्ही घातक ठरू शकतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. खराब मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. शिवाय त्याला दिवसभरात पाणी किती प्यायचं ते मोजून दिलेलं असतं. मधुमेह असलेल्याला ग्लुकोजची बिस्किटं, केमोथेरपीवाल्याला फुलं आणि कापलेली फळं, ऑपरेशनच्या आदल्या रात्री उशिरा काहीही, हे सगळं टाळा. विचारल्याशिवाय खायचं नेऊ नका. न्यायचंच असेल तर जवळ बसलेल्या माणसासाठी डबा न्या. पेशंटला हॉस्पिटलचं जेवण मिळतं. त्याची बायको मात्र तीन दिवस वडापाववर असते आणि तिला कुणी विचारत नाही.

आता बोलण्याचं. "कसे आहात?" याला उत्तर ठरलेलं असतं: "बरा आहे, प्रभूची कृपा." तिथंच संवाद संपतो. त्याऐवजी "काल रात्र कशी गेली?" असं विचारा. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असतंच, आणि भीती रात्रीच येते. संभाषण असं काहीसं होईल:

"काकू, सलाम. बसू का जरा?"
"या, या. बसा."
"काल रात्र कशी गेली?"
"कसली झोप? शेजारच्या बाई रात्रभर कण्हत होत्या. मला वाटलं, माझंही असंच होणार."

इथं नव्वद टक्के लोक म्हणतात, "छे हो, तुम्हाला काही होत नाही!" आणि काकूंचं तोंड बंद होतं. त्या भीतीचं दार किलकिलं करत होत्या, आपण ते ओढून घेतलं. "असं वाटलं तुम्हाला," एवढंच म्हणून थांबा. दहा सेकंद गप्प बसणं फार लांब वाटतं, पण बसा. पुढचं वाक्य बहुधा खरं असतं: मुलीच्या लग्नाची चिंता, कर्ज, वीस वर्षांपूर्वी भावाशी झालेलं भांडण. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडल्यावर बिघडलं.

काही वाक्यं गटानं मिळून बाद करावीत. "देवाची इच्छा." "विश्वास कमी पडतोय कुठेतरी." "कबूल न केलेलं पाप आहे का, ते बघा." "आमच्या मेव्हण्यालाही हेच झालं होतं, गेला बिचारा." दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यानं तर माणूस आजारापेक्षा जास्त खचतो. एका जन्मांध माणसाकडे पाहून, कुणी पाप केलं, यानं की याच्या आईबापांनी, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूनं तो प्रश्नच फेटाळला (योहान ९:३). पौलाला शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती करूनही तो काढून मिळाला नाही (२ करिंथ १२). आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेतात आजारी सोडून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). पौलाचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही. मग तोच ठपका आपल्या मंडळीतल्या रिक्षावाल्यावर कशाला?

वाचन लहान हवं, सहा ते आठ वचनं. अख्खा अध्याय नको. आपण सवयीनं स्तोत्र २३ उघडतो. स्तोत्र सुंदरच आहे, पण एक अडचण लक्षात घ्या. आपल्या मंडळ्यांत ते बहुतेक प्रत्येक अंत्यविधीला वाचलं जातं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी 'मृत्युच्छायेच्या दरीतून' हे शब्द कानावर पडले की आजारी माणसाला स्मशानभूमी दिसते. त्यानं स्वतः मागितलं तर जरूर वाचा. ऑपरेशनच्या आधी स्तोत्र १२१ बरं. आठच वचनं, आणि त्यात राखणारा डुलकी घेत नाही, झोपी जात नाही असं आहे. भूल देऊन झोपवला जाणारा माणूस ते वेगळ्याच कानांनी ऐकतो. झोप न येणाऱ्याला स्तोत्र ४ चं शेवटचं वचन. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्याला स्तोत्र १३: 'कोठवर?' असं देवाला विचारता येतं, आणि ते विचारणं पवित्र शास्त्रातच आहे, हे कळल्यावर किती जणांचा चेहरा सैल होतो ते पाहा. स्तोत्र ९१ जपून वाचा. तुझ्या डेऱ्याजवळ पीडा येणार नाही असं त्यात आहे. ज्याच्या डेऱ्यात ती आलीच आहे त्याला ते आश्वासन नाही, आरोप वाटू शकतो.

वाचायचं ते शक्यतो त्यांच्याच पुस्तकातून वाचा. म्हाताऱ्या माणसांना जुन्या भाषांतराचे शब्द तोंडपाठ असतात. तुम्ही मोबाइलवरून सोप्या मराठीतलं वाचलंत तर त्यांच्या ओठांवर आलेली ओळ जुळत नाही आणि ते गोंधळतात. हाच नियम गाण्याला. घरी असाल तर 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एखादं कडवं किंवा ना. वा. टिळकांच्या अभंगाच्या दोन ओळी हळू आवाजात म्हणा. वॉर्डात गाणं नको. पंचवीस खाटा आणि एक पेटी हे दृश्य भक्तीचं नसतं, बाकीच्या चोवीस जणांना तो त्रास असतो.

प्रार्थनेआधी एक प्रश्न न चुकता विचारा: "प्रार्थनेत काय मागू?" येशूनं बार्तीमयाला हेच विचारलं होतं, आणि तो आंधळा आहे हे दिसत असताना विचारलं होतं (मार्क १०:५१). उत्तर नेहमीच 'बरं वाटू दे' असं नसतं. कुणी म्हणतं, "पोराला नोकरी लागू दे." कुणी म्हणतं, "आज एनिमा नको." मग तेच मागा. हातावर हात ठेवायचा तर विचारून. सलाईन लावलेल्या हातावर नाही. आवाज दोन माणसांना ऐकू जाईल इतका. लांबी एक ते दोन मिनिटं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जाऊ नका. नमुना द्यायचा तर:

"दयाळू पित्या, काकू उद्या सकाळी ऑपरेशनला जाणार आहेत. त्यांना भीती वाटते, ती तुला ठाऊक आहे. आज रात्री त्यांना झोप लागू दे. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. घरी नातवंडं वाट पाहत आहेत, त्यांनाही सांभाळ. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन."

मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, येशूनं शिकवलेली. ज्यांना बोलायला त्रास होतो त्यांचेही ओठ तिथं हलतात. प्रार्थनेत दोन चोरवाटा असतात, त्या टाळा. एक म्हणजे देवाच्या नावाखाली आजाऱ्याला उपदेश: "हे प्रभू, याला दारू सोडायची बुद्धी दे." दुसरी म्हणजे बातमी फोडणं. घरच्यांनी अजून पेशंटला सांगितलेलं नसतं, आणि प्रार्थना करणारा भाऊ डोळे मिटून म्हणतो, "या कॅन्सरमधून सोडव." दारातच घरच्यांना विचारून घ्या: यांना किती माहीत आहे?

प्रार्थनेच्या वेळी आजाऱ्याला तेल लावण्याबद्दल वेगवेगळ्या मंडळ्यांची शिस्त वेगळी आहे. पाळकांना विचारूनच करा, आपल्या मनानं नको. करायचं ठरलं तर बोटाच्या टोकावर एक थेंब, कपाळाला. जखमेवर नाही, पट्टीवर नाही. ऑक्सिजनचा मास्क किंवा नळी असेल तर नाकातोंडाच्या आसपास मुळीच नाही, आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्तीही पेटवायची नाही. आग लागायला वेळ लागत नाही. वसईकडच्या किंवा इतर कॅथलिक घरात गेलात तर लक्षात ठेवा, त्यांच्याकडे हा संस्कार फक्त धर्मगुरूच देतात. तो शेवटच्या श्वासासाठीच राखून ठेवायचा नसतो, गंभीर आजार सुरू होतानाच फादरना बोलावता येतं. घरातली माणसं 'फादर आले म्हणजे संपलं' या भीतीनं थांबतात. त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. आपल्याकडे घरी किंवा दवाखान्यात प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) द्यायला पाळक येणार असतील तर आधी नर्सला विचारून ठेवा की तोंडानं काही देता येतं का. पक्षाघातानंतर गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि भाकरीचा छोटा तुकडाही श्वासनलिकेत जातो.

औषधाच्या बाबतीत गटातल्या प्रत्येकाचं एकमत हवं, आणि ते लिहून ठेवलं तरी चालेल: कुणीही, कधीही, कुणाला औषध बंद करायला सांगणार नाही. "प्रार्थना झाली, आता गोळ्या कशाला?" असं म्हणणारा माणूस गटात नको, तो कितीही सुंदर प्रार्थना करत असला तरी. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, टीबीचा कोर्स मध्येच सोडला तर काय होतं ते डॉक्टरला विचारा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी उत्तर हेच. ज्या पौलानं प्रार्थना केली त्यानंच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉ. वानलेस यांनी दवाखाना उभा केला तो सुवार्तेच्या कामाचा भाग म्हणूनच. आपल्या परंपरेत इंजेक्शन आणि आमेन यांचं कधी भांडण नव्हतं.

शेजारच्या खाटेबद्दल हमखास प्रश्न येतो: तिथं सुवार्ता सांगावी का, पत्रकं वाटावीत का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि ज्याला निघून जाता येत नाही त्याला ऐकवणं ही सुवार्ता नव्हे, अडवणूक आहे. शिवाय त्याची किंमत तुमच्याच पेशंटला मोजावी लागते; तुम्ही निघाल्यावर वॉर्डातल्या नजरा त्याच्यावर असतात. शेजारच्याला नाव विचारा, पाणी हवं का विचारा, त्याच्या नातेवाइकासाठी खालून औषध आणून द्या. त्यानं स्वतःहून "माझ्यासाठीही म्हणा ना" म्हटलं तर, त्याच्या घरच्यांची हरकत नसेल तर, त्याचं नाव घेऊन दोन वाक्यांची प्रार्थना करा आणि तिथंच थांबा.

बेशुद्ध पेशंटजवळ आपण बिनधास्त बोलतो: "किती दिवसांचे सोबती?" ऐकू येत असण्याची शक्यता असते हे धरूनच वागा. नावानं हाक मारा, आपण कोण ते सांगा, पाठ असलेलं एखादं वचन हळू म्हणा.

आता व्हॉट्सॲप. मंडळीच्या ग्रुपवर 'तातडीची प्रार्थना विनंती' म्हणून नाव, आजार, वॉर्ड नंबर आणि नळ्या लावलेला फोटो टाकला जातो. तासाभरात तो पुण्यातून दुबईपर्यंत जातो. त्या माणसाला सहा महिन्यांनी मुलीचं स्थळ बघायचं असतं, नोकरीवर परत जायचं असतं. परवानगी नसेल तर फक्त "आपल्या एका भगिनीसाठी प्रार्थना करा" एवढंच. फोटो परवानगी असली तरी नको. उपासनेतल्या जाहीर प्रार्थनेलाही हाच नियम.

गटानं एक साधी वही ठेवावी. तारीख, कुणाकडे, कोण गेलं, त्यांनी काय मागितलं, पुन्हा कधी जायचं. आजाराचं नाव लिहू नये, वही हरवते. पहिली भेट कळल्यापासून दोन दिवसांत. ऑपरेशन असेल तर आदल्या संध्याकाळी. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पहिल्या दिवशी नको, त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं. आणि मग तीन आठवड्यांनी. ही शेवटची तारीख वहीत लाल शाईनं लिहा. तोवर सगळे येऊन गेलेले असतात, बिलं आलेली असतात, आणि बरं व्हायला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागणार हे कळलेलं असतं. बिलावरून आठवलं: गटातल्या एकानं तरी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं कुठली लागतात हे माहीत करून घ्यावं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होतानाच त्याच्याकडे नेऊन पोहोचवणं हे काही वेळा अर्ध्या तासाच्या प्रार्थनेपेक्षा उपयोगी पडतं. पैसे द्यायचे तर पाकिटात, घरातल्या बाईच्या हातात, पेशंटसमोर नाही.

राहिलं ते घर, ज्यांनी निरोप पाठवला. तिथं गट पाठवू नका, स्पष्टीकरणाचं पत्रही नको. त्या घरात चहापाण्याचं येणंजाणं असलेला एकच माणूस जाऊ दे, हातात बायबलऐवजी डबा घेऊन. दारातच म्हणू दे, "त्या दिवशी आमचं चुकलं, तुम्हाला त्रास झाला." कारणं द्यायची नाहीत. आत बोलावलं तर बसावं, नाही बोलावलं तर डबा देऊन यावं, आणि रिकामा डबा न्यायला चार दिवसांनी परत जावं. प्रार्थनेचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तर एक मिनिट.